झाकणाच्या आतलं साल

झाकण उघडलं तेव्हा आवाज अगदी बारीक झाला, भुईमुगाची ओली शेंग चिमटीत फुटावी तसा, पण माझ्या मांडीवरचं बाळ दचकलं. दोन्ही हात हवेत फेकून, बोटं पसरून, जणू कुणी त्याला उंचावरून सोडून दिलं. मी त्याला छातीशी ओढलं. जेवणाच्या टेबलावर भरताचं पातेलं अजून तसंच होतं, कांद्याची पात सुकत पडली होती, आणि त्या पसाऱ्यात वर्तमानपत्राच्या कागदावर आबांचं घड्याळ पालथं. रुपचंदमामांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, अभिमनच्या मामांनी, खिशातल्या चाकूचं पातं कडेच्या फटीत सरकवून अंगठ्याने दाबलं होतं. झाकण सुटलं आणि कागदावर लहानशा वाटीसारखं डुलत राहिलं. "हां, आता बोला," मामा म्हणाले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. त्यांची सराफ बाजारात छोटी पेढी आहे. भिंग लावलं की त्यांचा उरलेला चेहरा कुणी बंद करून ठेवल्यासारखा होतो. मी वाकून पाहिलं. झाकणाच्या आत, जिथे आबांच्या मनगटाचा घाम कधी पोचला नव्हता, तिथलं सोनं नवं होतं, इतकं नवं की लाज वाटावी. त्यात मोहरीएवढं एका बाईचं तोंड शिक्क्यासारखं उमटवलेलं, त्याखाली आकडे, आणि त्याहून खाली एक लांब नंबर. सगळ्यावर केसासारखे बारीक ओरखडे. ते ओरखडे कसले ते मला माहीत होतं. धुळ्याला आग्रा रोडवर सुकलाल घड्याळवाल्याने मला लहानपणी सांगितलं होतं की, घड्याळ ज्याने ज्याने उघडलं तो तो आतून आपली खूण सुईने ओढून ठेवतो. म्हणजे मी तेव्हा आबांचं घड्याळ नव्हे, ज्यांनी ज्यांनी त्याला बरं केलं त्या माणसांची हजेरी पाहत होते. तेवढ्यात बाळ रडायला लागलं.

मला फक्त तो नंबर हवा होता. डायलवरचं कंपनीचं नाव कधीच उडून गेलेलं, पहिलं अक्षर धड नाही, शेवटचं नाही. मी मोबाईलवर जुन्या घड्याळांच्या शौकिनांच्या एका ग्रुपवर फोटो टाकला होता. कुणीतरी लगेच लिहिलं, काट्यांची घडण आणि सेकंदाचा वेगळा लहान डायल पाहता सन पन्नासच्या आसपासचं दिसतंय, पण नक्की साल हवं असेल तर झाकणाच्या आतला नंबर पाठवा; नंबरवरून कंपनी सापडेल आणि साल निघेल. साल निघेल. हे दोन शब्द मी त्या आठवड्यात किती वेळा मनात म्हटले असतील, बाळाला पायावर घेऊन अंघोळ घालताना, त्याच्या टाळूवर तेल जिरवताना. साल निघेल. आबांना सांगायचं होतं.

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, हिलाल हे नाव खरं, बाकी कागदावरचं काही खरं नाही. शाळेत घालताना मास्तरांनी सगळ्या वर्गाचा जन्म एक जूनला लावून टाकला आणि साल अंदाजाने लिहिलं. त्यांची आई बाळंतपणातच गेली, सांगणारं कुणी उरलं नाही. फक्त मंगाआजोबा, आबांचे वडील, सांगायचे. ते अमळनेरला कापसाची दलाली करत. ज्या वर्षी पोरगा झाला त्याच वर्षी कापसाला न भूतो असा भाव आला, आणि त्याच वर्षी मुंबईला जाऊन त्यांनी हे सोन्याचं घड्याळ नवंकोरं घेतलं. बायको गेल्याच्या वर्षी घड्याळ का घेतलं, असं मी एकदा आबांना विचारलं होतं. आबा म्हणाले होते, "घरमा काही तरी वाजत ऱ्हावाले जोयजे ना बेटा." साल मात्र मंगाआजोबांच्या तोंडून कधी ठाम आलं नाही. त्यामुळे दवाखान्यात वय विचारलं की आबा मनगट पुढे करत. "याच्याइतकं." कंपाउंडर हसायचा आणि काहीतरी लिहायचा. साखरेने त्यांचे डोळे गेले, उजव्या पायाची बोटं गेली, आणि जसजसं शरीर जात गेलं तसतसं त्यांना ते साल जास्त हवंसं झालं. फोनवर दर वेळी एकच, घड्याळाचं साल निघालं की त्यांचं निघालं. "घड्यायनं साल निंघनं म्हंजे मनं निंघनं. आपन कितलं जगनूत, हाई मानूसले माहीत नको का?" डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता मूत्रपिंडांनी हात टेकलेत, येणं-जाणं ठेवा. आबांना ते सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती.

पण घड्याळ आता आबांचं नव्हतं. माझ्या लग्नात मांडवात त्यांनी ते स्वतःच्या हातातून काढून अभिमनच्या हातात घातलं होतं. पट्टा निघाला तेव्हा खाली मनगटाचा एक पांढरा, ओलसर पट्टा उघडा पडला, आणि वऱ्हाडात टाळ्या वाजत असताना मला त्या पांढऱ्या कातडीची भयंकर लाज वाटली, जणू आबांचं धोतर सुटलं होतं. अभिमन ते घालत नाही. त्याच्या हातात पावलं मोजणारं काळं घड्याळ असतं. आबांचं कपाटात असतं. फक्त धुळ्याला जाताना तो ते चढवतो आणि तिथे आबा त्याचा हात हातात घेऊन कानाशी लावतात, मग चाचपून चावी देतात. जावयाचा हात असा मिनिटभर कानाशी धरलेला, जावई दुसऱ्या हाताने मोबाईल पाहतोय. मला ते दृश्य आवडायचं. का आवडायचं ते आता कळत नाही.

मी बाळाला पाजायला आतल्या खोलीत गेले. मोबाईल बाहेर चार्जिंगला. दारातून सगळं ऐकू येत होतं. "मशीनला वजन आहे, पण त्याला सोनं म्हणत नाहीत," मामा म्हणत होते, "ती घट, वजनातून वजा. काच घट, पट्टा घट, डायल घट." सासूबाईंनी विचारलं, "मग राहिलं काय?" "राहिलं कवच. आणि तेही पाऊणच. अठरा कॅरेट. इथे लिहिलंय बघ. आपल्याकडे याला कुणी सोनं म्हणणार नाही, कुंदाक्का." मग अभिमनचा हसरा आवाज: "आबांसारखंच की. डोळे गेले, बोटं गेली, पाऊणच उरलेत." सासूबाईंनी "चूप रे मेल्या, ऐकेल ती," म्हटलं आणि स्वतःच फिस्सकन हसल्या. अभिमन वाईट नाही. हे लिहिताना मला कुणाची समजूत घालायची नाही; तो खरंच वाईट नाही. रात्री बाळ उठलं की तो उठतो, लंगोट बदलतो, मला म्हणतो तू झोप. पण बाळ माझ्या छातीला इतक्या जोरात ओढत होतं की मला वाटलं, बाहेरचं ते हसू याच्या तोंडातून मला चावतंय. बाहेर आले तर कागद गोळा झाला होता. मामा चपला घालत होते. "नेतो दुकानात," ते म्हणाले, "नीट बघतो. साल-बिल सगळं काढून आणतो, सूनबाई." मी म्हटलं, "मामा, आतल्या नंबराचा फोटो..." "अगं, मी आहे ना," मामा म्हणाले, आणि हे इतक्या आपुलकीने म्हणाले की पुढे बोलणं म्हणजे अविश्वास झाला असता. सून म्हणून या घरात आल्यापासून मला सगळ्यात जास्त भीती आपुलकीची वाटते. तिच्या तोंडावर दार लावता येत नाही.

जावळ काढायचं ठरलं होतं. जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढायचं, आणि मामाकडून अंगावर सोनं यायचं. मला भाऊ नाही. हे लग्न ठरतानाही सगळ्यांना माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि वेळ येणं वेगळं. सासूबाई भाजी निवडताना, बाळाला काजळ घालताना, शेजारच्या रूपालीशी गच्चीवर पापड वाळत घालताना तो विषय काढत, माझ्याकडे न बघता. "याला मामा नाही. मग मामाचं सोनं कुठून येणार? झाडावरून पडणार?" रूपाली म्हणायची, "जाऊ द्या ना काकू, आजकाल कोण बघतं." "कोण नाही बघत? मांडीवर कुणाच्या बसवायचं, न्हावी विचारील ना. काय सांगू, पाटावर बसव?" मी खाली वाकून पापड उलटत राहायचे. जळगावचं ऊन पापडाला आणि माणसाला सारखंच वाळवतं. आबांच्या घरात माझ्यासाठी जे सोनं काढून ठेवलेलं होतं ते माझ्या लग्नात अंगावर घातलं, आईचं होतं ते तिच्या दवाखान्यात गेलं. आबांना मी यातलं काही कळवलं नव्हतं. त्यांच्या कानांना आता वाजणाऱ्या गोष्टीच ऐकू द्याव्यात असं मला वाटायचं.

मामा पुढच्या रविवारी आले तेव्हा हातात लाल मखमली डबी होती. सासूबाईंनी देवापुढे ठेवली, हळद-कुंकू लावलं, मग माझ्यापुढे उघडली. बाळाच्या मनगट्या. काळ्या मण्यांत गुंफलेले सोन्याचे मणी, गोल, गुळगुळीत, इतके सुबक की माझ्या तोंडून "किती छान" निघून गेलं. ते निघून गेलं हे मी विसरू शकत नाही. "आवडल्या ना?" सासूबाई उजळल्या. "बघ, म्हटलं नव्हतं मार्ग निघेल. मामाकडचंच सोनं झालं की नाही? तुझ्या आबांच्या हातातलं नातवाच्या हातात. कुणाची शिंची बोलायची टाप आहे आता!" मला आधी कळलं नाही. खरंच कळलं नाही. मी हसत उभी होते आणि हसू चेहऱ्यावर तसंच राहून आत काहीतरी खाली उतरत गेलं, बादली विहिरीत सोडल्यासारखं. मामांनी खिशातून प्लास्टिकची छोटी पुडी काढली. "आणि हे तुमचं मशीन. लोक फेकून देतात. मी म्हटलं आठवण आहे, ठेवील बिचारी. चालू आहे हो अजून." पुडीत ते होतं. कवच नाही, काच नाही, डायल नाही. नुसतं पितळी चाकांचं, उघडं, आणि खरोखर चालू. मधलं एक बारीक चाक इकडून तिकडे, तिकडून इकडे धडधडत होतं. मला बाळाची टाळू आठवली, झोपेत उडणारी, जिला मी हात लावायलाही घाबरते.

"मामा, झाकणातला नंबर लिहून घेतलात का?"

"कसला नंबर?"

"आत होता तो. साल काढायचं होतं ना."

मामांनी अभिमनकडे पाहिलं, अभिमनने माझ्याकडे. "अगं सूनबाई," मामा समजावणीच्या सुरात म्हणाले, "मुशीत गेल्यावर वाचता येतं का काही? सोनं आटलं की ते कुणाचंच नसतं. आणि भेसळ काढून वरचं शुद्ध मी माझ्या पदरचं घातलंय, बरं का. भाच्याच्या लेकराला पाऊण सोनं घालू काय?" सासूबाईंनी त्यांना हाताने दटावलं, असं बोलून दाखवू नये म्हणून. सगळ्यांनी काहीतरी दिलं होतं. खोलीत देणारीच माणसं होती. मी मनगट्या बाळाला घातल्या. त्याने लगेच तोंडात घातल्या.

नंतरच्या दिवसांत मी तो नंबर आठवायचा प्रयत्न करत राहिले. डोळे मिटले की झाकण दिसायचं, बाईचं मोहरीएवढं तोंड दिसायचं, ओरखडे दिसायचे, आकड्यांवर मात्र बाळाचं रडणं सांडलेलं. सुरुवातीला चार होता. मग सात किंवा एक. मग सगळंच वितळायचं. ग्रुपवर मशीनचा फोटो टाकला. उत्तर आलं: हे मशीन अनेक वर्षं एकसारखंच बनत होतं, यावरून साल सांगता येणार नाही, केस, म्हणजे वरचं कवच, कुठे आहे? खाली आणखी एकाने लिहिलं होतं, असं सगळ्या मूळ भागांसकट असलेलं हल्ली सापडत नाही, जपा, सोन्याच्या भावात बसणारी वस्तू नव्हे ही. मी अभिमनला वाचून दाखवलं. त्याने मोबाईल घेऊन ते स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "मामांना दाखवू नकोस हां. त्यांना वाईट वाटेल." मशीन मी बाळाच्या झबल्यांच्या खणात ठेवलं. सकाळी चावी द्यायची, रेशमी कापडात गुंडाळायचं. मे महिना, वाऱ्याबरोबर सगळ्या घरात धूळ. उघड्या अंगाच्या त्या चाकांत ती शिरत असणार. आवाज रोज थोडा जड व्हायचा, म्हाताऱ्या माणसाने जिना चढावा तसा. मी ठरवलं होतं, धुळ्याला गेल्यावर आबांना हातात द्यायचं नाही, नुसतं कानाशी धरायचं. आणि साल सांगायचं, बावन्न. बावन्न मी खूप विचार करून निवडलं होतं. त्या सालाने आबांचं वय ना फार वाढत होतं ना फार कमी होत होतं. नीट जगून झाल्यासारखं वाटेल असं.

जावळाच्या आधी बाळाला आबांना दाखवून आणू, असं सासूबाईच म्हणाल्या. गाडीत त्या पुढे, मी मागे बाळाला घेऊन. पाळधी गेलं, एरंडोल गेलं. काचेबाहेर केळीची पानं उन्हाने फाटून चिंध्या झालेली. पारोळ्याच्या पुढे मी पर्समध्ये हात घातला आणि कापडातून बोटांना काही लागलं नाही. धडधड नाही. मी कानाशी लावलं. हलवलं. ते थोडं चाललं, आजारी माणसाने हाक मारल्यावर डोळे उघडावेत तेवढं, आणि थांबलं. चावी दिली, चावी पूर्ण भरलेली होती. आरशातून अभिमनने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, याची टोपी शोधतेय."

धुळ्यात देवपूरच्या घरात आबा पलंगावर उशीला टेकून बसलेले. कस्तुराआत्याने, त्यांच्या सावत्र बहिणीने, त्यांना धुतलेला सदरा घातला होता, गुंड्या वरपर्यंत लावून. गळा त्यात काडीसारखा. आबा आमच्याशी आणि सासरच्यांशी दोन वेगळ्या भाषांत बोलतात. आमच्याशी अहिराणी, पाहुण्यांशी शाळेतली मराठी, जपून, चांगल्या कपबशीसारखी. "या, या, विहीणबाई. प्रवास बरा झाला ना? ऊन फार." बाळाला त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी डोक्यापासून चाचपायला सुरुवात केली, जावळ, कान, गाल, खांदा, आणि हात मनगटापाशी येऊन थांबला. "हे काय?"

"मनगट्या आहेत," सासूबाई म्हणाल्या. "मामाकडच्या. तुमच्याच घरचं सोनं, आबा."

"आमच्या घरचं?"

"घड्याळाच्या केल्या हो. नुसतं कपाटात पडून होतं. इतक्या सुरेख झाल्यात, तुम्ही बघा..." बघा म्हणून त्या अडखळल्या, मग म्हणाल्या, "हात लावून बघा."

आबांचा चेहरा बदलला नाही. आंधळ्या माणसाचा चेहरा चटकन हलत नाही, त्याला कुणाच्या तोंडावरून शिकता येत नाही ना. त्यांनी मान माझ्या दिशेने वळवली, थोडी चुकून, माझ्या डावीकडच्या भिंतीकडे. "साल निंघनं का व, दीपमाला?"

बावन्न ओठांवर होतं. पण अभिमनच बोलला, मोबाईलवरून नजर न काढता, कुणी पाऊस पडला का विचारावं आणि उत्तर द्यावं तसा. "साल झाकणात होतं, आबा. झाकण आटवलं ना." आणि त्याला जाणवलं असावं काहीतरी, कारण त्याने लगेच मोकळं हसून भर घातली, "साल घेऊन काय करायचं आबा आता! तुम्हाला कुठे नोकरीला लागायचंय?"

"तेही खरं," आबा म्हणाले. चांगल्या कपबशीच्या मराठीत. "छान केलं. जावईबापूंनी छान केलं. सोनं जागेवर गेलं." ते एकेक मणी अंगठ्याखालून सरकवत होते. मोजत नव्हते. नखाने मण्यावर बारीक काही शोधत होते, ओरखडा, आकडा, कुणाची खूण. मणी गुळगुळीत. मग त्यांनी बाळाचं मनगट अलगद वर उचललं, अभिमनचा हात उचलायचे तसं, आणि कानाशी लावलं.

सासूबाईंना हसू आवरेना. "अहो आबा, ते घड्याळ नाही हो, नातू आहे!" अभिमनही हसला. आत्याने पदर तोंडाला लावला, हसायला की कशाला ते दिसलं नाही. आबा मान तिरकी करून ऐकत राहिले, डोळ्यांची पांढरी बुबुळं छताला लागलेली. माझ्या मांडीवर पर्स होती आणि पर्समध्ये कापडात गुंडाळलेलं ते, थांबलेलं. बाळाला आधी गंमत वाटली. मग त्याने हात ओढून पाहिला. मग ते रडायला लागलं.

"सोडा आबा, दुखतंय त्याला," सासूबाई म्हणाल्या, अजून हसत. आबा सोडेनात. "आबा, मणी रुततायत त्याला. दीपा, बघ ना गं!" बाळ काळंनिळं होऊन रडत होतं. मी उठले. पलंगाच्या कडेला गुडघा टेकला आणि आबांची बोटं सोडवायला लागले. करंगळी आधी. ती वाळक्या शेंगेसारखी सुटली. तिच्या शेजारचं बोट. मधलं. मला वाटलं नव्हतं त्या हातात इतका जोर उरला असेल. अंगठा राहिला, तो बाळाच्या नाडीवर बरोबर बसला होता. मी खालून नख घातलं.

"चालू शे ना व?" आबांनी हळूच विचारलं. फक्त मला.

"चालू शे, आबा," मी म्हटलं, आणि अंगठा उचकटला.